घरांच्या लाकडाचेही पैसे मागणारा बिशप

मध्ययुगीन इंग्लंडमधल्या धर्मगुरूंचा विषय निघाला की पहिलं नाव येतं कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेटचं. मला मात्र लिंकन शहराचा बिशप ह्यू त्याच्याहून मोठा वाटतो, आणि तोही विथममुळे.

बेकेटचा खून दुसऱ्या हेन्री राजाच्या सरदारांनी केला होता. त्याचं प्रायश्चित्त म्हणून हेन्रीने सॉमरसेटमधल्या विथमला कार्थुसियन (एकांतात राहणाऱ्या कडक शिस्तीच्या संन्याशांचा पंथ) मठ काढला, पण काम रखडलं. म्हणून 1180 च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रांद शार्त्रजच्या मठातून ह्यूला विथमचा मठप्रमुख म्हणून बोलावलं. मठाच्या जागेवर गरीब भूदासांची, म्हणजे मालकाच्या जमिनीला बांधलेल्या कुळांची, घरं होती. ह्यूने सांगितलं, आधी या लोकांचं बघा, मग माझं पद. राजाने त्यांना दुसरीकडे तेवढीच जमीन किंवा भूदासपणातून सुटका देऊ केली. तरी ह्यू अडूनच बसला. यांची घरं जाणार, त्यांचे पैसे? राजाला तेही मोजावे लागले. मग ह्यूने तीच घरं राजाकडून मागून घेतली आणि ज्याची त्याला परत केली: लाकूड विका, नाहीतर नव्या जागी उभारा. बाराव्या शतकात भूदासांच्या घराच्या लाकडाचा हिशेब कोण करत होतं?

1186 मध्ये तो बिशप झाला. राजाच्या मुख्य वनाधिकाऱ्याला त्याने धर्मबहिष्कृत केलं, दरबाऱ्याला चर्चमधलं पद द्यायला नकार दिला. भडकलेल्या हेन्रीने त्याला वुडस्टॉकला बोलावलं आणि कोणी अभिवादन करायचं नाही अशी ताकीद दिली. ह्यू सरळ जाऊन राजाशेजारी बसला. राजा न बोलता बोटावरची पट्टी सुईने शिवत राहिला. ह्यू म्हणाला, 'फालेझच्या नातलगांसारखे दिसताय अगदी!' हेन्रीचा पणजोबा म्हणजे इंग्लंड जिंकणारा विल्यम, त्याची आई फ्रान्समधल्या फालेझ गावच्या चामड्याचं काम करणाऱ्या घरातली. राजा हसून लोटपोट झाला. पण ह्यूने माघार घेतली नाही, दोन्ही निर्णयांची कारणं तिथेच समजावून सांगितली.

भूकंपात पडलेलं लिंकनचं कॅथेड्रल बांधताना त्याने स्वतः दगड वाहिले. ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या तेव्हा तो त्यांच्या बाजूने जमावासमोर उभा राहिला. 1200 मध्ये त्याच्या अंत्ययात्रेत जॉन राजाने खांदा दिला आणि लिंकनचे ज्यू रडत आले.

त्याच लिंकनमध्ये 1255 साली एका मुलाच्या मृत्यूचा खोटा आळ घेऊन ज्यूंना फाशी दिलं गेलं, आणि त्या मुलाला ह्यूच्याच कॅथेड्रलमध्ये पुरून त्याचं देवस्थान केलं. ह्यूला संतपद मिळून तेव्हा जेमतेम 35 वर्षं झाली होती. याची मला मनापासून चीड येते.