बाटली बुडाली, झाकण तरंगलं

परवा प्लास्टिक बंदीवाल्यांची गाडी अण्णाच्या टपरीवर येऊन पाच हजाराची पावती फाडून गेली, त्यामुळं काल कट्ट्यावर दुसरा विषय निघणं शक्यच नव्हतं.

सुरुवात सरांनीच केली. सर रिटायर होऊन चार वर्षं झाली पण तास काही सुटंना. "मुळात प्लास्टिक म्हणजे काय?" म्हणून आमच्याकडं असं बघलालते जसं आम्ही सगळे दहावी ब चे. मग कच्चं तेल, त्यातनं नाफ्था नावाचं पातळ तेल, ते आठशे डिग्रीच्या वर तापवून फोडलं की इथिलीन गॅस, अन् १९३३ ला इंग्लंडात त्या गॅसवर प्रयोग करताना भांड्यात मेणासारखं पांढरं काहीतरी सापडलं तेच पॉलिथिन, सगळं झालं. चहा गार. "शेकडो वर्षं कुजत नाही हे विष! सगळं बंद करा!"

भंगारवाले चाचा (माझ्या मते कट्ट्यावरचे खरे मास्तर हेच) बिडी विझवत म्हणले, "सर, कंचं विष? माझ्याकडं सहा ढीग आहेत."

अण्णाकडनं ग्लासभर पाणी घेतलं. पाण्याच्या बाटलीचा एक तुकडा चाकूनं कापला, झाकण काढलं, दोन्ही पाण्यात घालून बोटानं खाली दाबले. झाकण टुणकन वर. तुकडा तळाला, तसाच.

"एका बाटलीत दोन जाती. मिसळून वितळवलं की दोन्ही वाया. अन् सर, हे जे बुडालं ना, ते अन् तुमच्या अंगावरचा पॉलिस्टरचा शर्ट सख्खे भाऊ. सगळं बंद म्हणलालाव तर काढा."

सर कॉलर चाचपलालते.

मी विचारलो, पिशवी अन् ड्रम एकाच गॅसचे, मग एक नरम एक कडक कसं. चाचा म्हणले, "बाभळीच्या फांद्या रचून बघ, मधी पोकळी राहते. उसाची मोळी बांध, गच्च बसते. गॅसचे कण जोडून लांब साखळी होते. तिला फांद्या फुटल्या तर पिशवी, सरळ राहिली तर ड्रम."

"ते सरळ साखळीचं जर्मन शास्त्रज्ञ झीग्लरनं १९५३ साली..." सर म्हणले. कोणी ऐकलं नाही.

"अन् कुकरची मूठ आणली कोणी तर मी परत पाठवतो. बेकेलाइट, एकदा कडक झालं की परत वितळत नाही. भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ मळता येतंय का?"

तेवढ्यात बाळू ड्रिपवाला मधी पडला, नळ्या बंद केल्या तर ऊस काय तोंडानं पाणी पाजून जगवायचा का म्हणून. मुद्दा बरोबर आहे पण ह्यानं मला दिलेल्या नळ्या दोन उन्हाळ्यात तडकल्या हे मी सांगितलोच. नळीत काजळी घालतेत ती ऊन सोसायला, ह्याच्या नळीत काजळी कमी अन् कमिशन जास्त.

"ड्रमवरनं आठवलं," चाचा म्हणले. "२०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तवा माझा निळा ड्रम कोण नेलता?"

सर एकदम गप्प. मग हळूच, "तो... फुटला."

"फुटला? आत्ताच तर शेकडो वर्षं म्हणलालते!"

"वहिनी त्यात ज्वारी ठेवतेत, मी बघितलोय," बाळू.

मग कसली चर्चा. हसून हसून बाळूला ठसका लागला, सर चपला शोधलालते, अन् अण्णा ग्लासातलं झाकण बाहेर काढून सगळ्यांना एकच विचारलालता, पावतीला वर्गणी कोण कोण देतंय.