समुद्रसपाटी

समुद्रसपाटी हा शब्द मी शाळेत शिकलो आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत त्याच्यावर विश्वास ठेवला. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंच, असं गुरुजींनी फळ्यावर लिहिलं होतं. आता आपलं गाव एवढ्या उंचावर असूनही ताटासारखं सपाट, तर ज्याच्या नावातच सपाटी आहे तो मुलूख किती सपाट असेल! हे गणित माझं मीच केलं. गुरुजींचा काही दोष नाही.

सायकल घेतली ती मेहुण्याच्या नादानं. मेहुणे घ्यायला लावतात, हप्ते आपण भरतो. सायकल कसली, उपाशी हरीण. सुतळीएवढं टायर, वाकडं हँडल, स्टँड नाही, कॅरिअर नाही, घंटीसुद्धा नाही. आमच्या वडिलांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "डबा कुठं लावायचा?" त्यांची उभी हयात चोवीस इंची काळ्या सायकलवरून गिरणीच्या भोंग्याला पोचण्यात गेली. माझी ती गादीवाली घट्ट चड्डी बघितल्यावर मात्र ते काहीच बोलले नाहीत. नुसतेच आत गेले.

रस्त्यावर भेटणारी माणसं अशी मुकी नसतात. सिग्नलला शेजारी थांबलेला प्रत्येक जण आधी विचारतो, "कितीला बसली ओ?" आपण खरी किंमत निम्मी करून सांगायची, तरी उत्तर ठरलेलं, "एवढ्यात सेकंडहँड गाडी आली असती की!" एका ट्रकवाल्यानं गिअर किती म्हणून विचारलं. मी छाती काढून म्हटलं, बावीस. तो म्हणाला, "एवढे कशाला? आमच्या ट्रकला सहा हायत, त्यात पंधरा टन जातंय."

तर मेहुण्याचा बेत होता, "दाजी, डिसेंबरात पसरणी घाट मारू." घाट 'मारणे' हा सायकलवाल्यांचा शब्द. कोण कोणाला मारतं ते घाटात कळतं. मी म्हटलं, "घाटबिट नको. किनाऱ्यानं जाऊ, दापोली ते रत्नागिरी. पाणी कधी चढावर उभं राहतं का? मग पाण्याकडेचा रस्ता तरी कसा चढेल?" शेजारचे अण्णा टॉवेलच्या कारखान्याचे मालक, त्यांना हिशेबात बसलेलं लगेच पटतं. दोन विरुद्ध एक. ठराव मंजूर.

सरावाला आम्ही तुळजापूर रस्ता धरला. पंचेचाळीस किलोमीटर, आणि शेवटी बालाघाटचा एकुलता एक घाट. तुळजापूर आपल्यापेक्षा दोनशे मीटर उंच. आषाढात वारा पश्चिमेचा, त्यामुळं जाताना पाठीवर हात ठेवल्यासारखा ढकलत नेतो. तामलवाडीपर्यंत मला माझ्यातच एक सुप्त खेळाडू दिसायला लागला होता. परतीला तोच वारा छातीवर हात ठेवून उभा. कोकणात चढ असतात, आमच्याकडं वारा असतो. चढाला निदान शेवट असतो, एवढंच तेव्हा मी मनाला सांगत होतो. (कोकणातले चढ तेव्हा बघायचे होते.)

एकदा हिप्परग्याच्या तलावाजवळ मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. पंक्चरवाल्यानं ट्यूब काढली, पाण्याच्या घमेल्यात बुडवली, बुडबुडा धरला, सोल्यूशन लावून चिकटवली. सगळं झोकात. हवा भरायला गेला आणि थबकला. त्याच्या कॉम्प्रेसरची तोटी माझ्या व्हॉल्व्हला बसेना. माझा व्हॉल्व्ह पेन्सिलच्या टोकासारखा बारीक. त्यावर लावायची पितळी टोपी मिळते, ती घरी. तो व्हॉल्व्ह दोन बोटांत धरून उजेडाकडं करत म्हणाला, "ही कुठल्या देशाची नळी ओ? आन् ह्यात हवा तरी किती मावतीय?" मी म्हटलं, शंभर पौंड. त्यानं ट्रकच्या टायरकडं बघितलं, मग माझ्या टायरकडं, मग माझ्याकडं. शेवटी मी खिशातला बासरीएवढा पंप काढून पाऊण तास दंड काढले. तो बाकड्यावर बसून मोजत होता. तीनशेनंतर त्यानं मोजणं सोडून चहा मागवला, दोन.

घाट मात्र मी एकदाच उतरून न चालता चढलो, तोही कोजागरीच्या आदल्या आठवड्यात. कोजागरीला सोलापुरातनं लाखो माणसं तुळजापूरला चालत जातात. काही जण गर्दी टाळायला आधीच निघतात. मी सगळ्यात हलक्या गिअरवर, जीभ बाहेर, पायडल मारतोय. शेजारून पांढऱ्या केसांच्या एक आजी, अनवाणी, डोक्यावर गाठोडं, माझ्याच वेगानं चालताहेत. बराच वेळ आम्ही जोडीनं होतो. मग त्यांनी मायेनं विचारलं, "नवस हाय का बाळा?" बोलायला श्वास नव्हता म्हणून मी मान हलवली. "मग उतरून चाल की. आईला चालत गेल्यालं जास्त पावतंय." आणि त्या पुढं निघून गेल्या.

डिसेंबरात निघालो. तीन सायकली तीन चादरींत गुंडाळून टेम्पोत आडव्या घातल्या. त्या चादरींची ऊब बघून वाटलं, आपणही तिथंच झोपावं. कुंभार्ली घाट रात्रीच उतरलो, त्यामुळं आपण केवढं खाली आलो ते कुणाला दिसलं नाही.

दापोली आठशे फुटांवर. इथंच शंका यायला हवी होती. पण दाभोळला उतरणारा रस्ता असा काही घसरत गेला की मी मागं वळून ओरडलो, "बघ, सपाटी आली!" खाली खाडी, धक्का, गाड्या घेऊन जाणारी फेरीबोट. बोट वाशिष्ठी ओलांडून पलीकडं धोपाव्याला लागली, आम्ही सायकली बाहेर काढल्या आणि समोर रस्ता भिंतीला टेकून ठेवलेल्या शिडीसारखा उभा.

भानगड अशी आहे की आमची भीमा सह्याद्रीत जन्मते आणि समुद्राकडं पाठ करून निघते. पंढरपूर करत, कर्नाटकात कृष्णेला मिळून, पार बंगालच्या उपसागरापर्यंत. एवढं लांब जायचं तर सावकाश, जमीन न दुखवता जाते. वाशिष्ठी, शास्त्री या नद्यांना तेवढी सवड नाही. डोंगरातनं उतरल्या की समुद्र, तेवढ्यात त्या जमीन खोल कापून ठेवतात. मग वर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडा दगडी माळ, खाली खाडी, पुन्हा सडा, पुन्हा खाडी. समुद्र सपाट असेलही, पण रस्ता त्याच्यावरून जात नाही.

धोपाव्याच्या वर एका टपरीवर विचारलं, गुहागर किती? टपरीवाला म्हणाला, "जवळच हो. एक चढ नि एक उतार."

"चढ केवढा?"

"चढाएवढा."

अण्णा हिशेबी माणूस. ते प्रत्येक उतारावर ब्रेक दाबून खिन्न चेहऱ्यानं उतरायचे, पुढच्या चढाची उधारी वाढतेय म्हणून. संध्याकाळी मेहुण्याच्या मीटरवर हजार मीटरच्या वर चढाई भरली. अण्णांनी भागाकार केला, "पाच तुळजापूर झाले. आन् दर्शन एकदाबी नाही."

घरून शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणली होती. सोलापुरात ही भाकरी दोन-दोन महिने पापडासारखी मोडते. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडला तर खारट हवेनं ती चपलेच्या तळव्यासारखी वाकत होती. मोडेचना. अण्णांनी ती दोन्ही हातांत धरून वाकवली, सोडली, पुन्हा वाकवली आणि डबा हळूच मिटला. कोकणावरचा त्यांचा विश्वास बहुधा तिथंच उडाला.

तवसाळला पुन्हा बोट, पलीकडं जयगड. दोन दिवसांत सपाट अशा जागा मला दोनच भेटल्या, त्या दोन बोटी. दुसऱ्या बोटीवर मी सायकलवरून उतरलोच नाही. कठड्याला धरून मजेत बसून राहिलो. बोटीवरच्या पोरानं सायकलचं वेगळं तिकीट फाडलं.

आरे-वारेच्या चढावर मात्र उतरलो. सायकल ढकलत वर आलो तर डाव्या-उजव्या दोन्ही वळणांना समुद्र, पार खाली, निळा, शांत, तबकात ओतल्यासारखा. शाळेतला फळा आठवला. तेवढ्यात मागून मेहुणा आला आणि धापा टाकत म्हणाला, "दाजी, पसरणीत निदान एकदाच चढायचं असतं."

परत आल्यावर पहिल्या रविवारी हिप्परग्याला गेलो. पंक्चरवाल्यानं लांबूनच ओळखलं, बाकडं झटकलं. या खेपेला पितळी टोपी मी आठवणीनं आणली होती, ती त्याच्या हातावर ठेवली.

"काय ओ, कसा होता समुद्र?"

"उंच," मी म्हटलं.