समाचाराला जाताय? मग दोन तास काढून जा

आपल्याकडे सातारा-सांगलीच्या बाजूला माणूस अंथरुणाला खिळला की समाचाराला येणाऱ्यांची वानवा नसते. भावकी येते, सोयरे येतात, मुंबईहून पुतणे येतात. शहाळी येतात, बिस्किटांचे पुडे साठतात. "काळजी करू नका, होईल सगळं नीट" म्हणून झालं की चहा येतो. तो चहा करणारी बाई रात्रभर जागी असते आणि सकाळपासून तिनं दहा वेळा तरी चहा टाकलेला असतो. माणुसकीची कमतरता आपल्या गावांत नाही. पण ती माणुसकी पेशंटच्या उपयोगाची व्हायची तर हाताला थोडं शिक्षण लागतं आणि येण्याला ठरलेला वार लागतो.

मिरजेत किंवा कराडला डॉक्टर सांगतात, "आता घरी न्या, सेवा करा." कॅन्सर शेवटच्या टप्प्यात असतो, किंवा पक्षाघात होऊन वर्ष उलटलेलं असतं. सेवा करायची म्हणजे रोज नेमकं काय करायचं, हे त्या गर्दीत कुणी सांगत नाही. घरी आल्यावर सगळा भार एकटीवर पडतो. बहुतेक वेळा बायकोवर किंवा सुनेवर. स्वयंसेवकाचं काम तिथून सुरू होतं. केरळात 1993 साली कोझिकोडला अशा पेशंटचं दुखणं हलकं करायचं, त्यांची सेवा करायचं काम (पॅलिएटिव्ह केअर) उभं राहिलं आणि पुढे घराघरांत पोचलं ते शेजारपाजारच्या स्वयंसेवकांमुळे. त्यांच्याकडे मागणं एवढंच होतं, की आठवड्यातले दोन तास द्या. एवढे आपल्याकडेही निघतात.

दोन तास द्यायचे तर वार आणि वेळ पक्की करा. मंगळवारी चार ते सहा म्हटलं की चार ते सहाच. त्या भरवशावर ती बाई बँकेत जाते, डोक्यावरून अंघोळ करते, नाहीतर सरळ झोपते. तुम्ही आलात नाहीत तर तिचा आठवडा कोलमडतो. अधूनमधून सवडीनं येणाऱ्याचा तिला उपयोग नाही. पाण्याची बाटली घरून न्या, चहाला स्पष्ट नाही म्हणा. सर्दी-ताप असेल तर कळवून टाका आणि बदली माणूस पाठवा. आत शिरल्यावर आणि निघताना साबणानं हात धुवा. फोटो काढायचा नाही, स्टेटसला लावायचा नाही, मंडळाच्या ग्रुपवर तर अजिबात नाही.

पहिली शिकायची गोष्ट म्हणजे कूस बदलणं. हलता न येणाऱ्या पेशंटला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं, कारण हाडाखालची कातडी गादीवर दाबून राहिली की तिथलं रक्त थांबतं आणि जखम आतून सुरू होते. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, खांद्याची हाडं ही ठिकाणं रोज बघा. लाल डाग दिसला तर बोटानं दाबा. बोट काढल्यावर क्षणभर पांढरा पडला तर कूस बदलून तो जाईल. दाबूनही लालच राहिला तर जखमेची सुरुवात झाली, त्याच दिवशी तुमच्या गटाशी जोडलेल्या नर्सला कळवा. सावळ्या अंगावर लाली चटकन दिसत नाही, तिथे हात लावून बघा, गरम किंवा कडक लागतं का. त्या जागी चोळायचं नाही, स्पिरिट नाही, पावडर नाही. मधे भोक असलेली रबरी रिंगही नको, ती कडेनं रक्त अडवते.

आता वळवायचं कसं? ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूला उभे राहा. पेशंटला आधी सांगा, "तुम्हाला माझ्याकडे वळवतोय." पलीकडचा हात छातीवर घ्या, पलीकडचा गुडघा वर करून वाकवा. एक हात पलीकडच्या खांद्यावर, दुसरा खुब्यावर ठेवा आणि दोन्ही एकाच वेळी आपल्याकडे घ्या. पाठीमागे घडी केलेली वाकळ लावा, म्हणजे शरीर पूर्ण आडवं न होता थोडं तिरकं टेकून राहतं आणि खुब्यावर भार येत नाही. दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवा. पोटरीखाली घडी अशी ठेवा, की टाच गादीला लागणार नाही. वर सरकवायचं असेल तर काखेत हात घालून ओढू नका, कातडी सोलवटते. खांद्यापासून मांडीपर्यंत दुमडलेली चादर आधीच खाली घालून ठेवा आणि दोघांनी दोन्हीकडून तिच्या कडा गुंडाळून उचला. एअर बेड, म्हणजे मोटरनं हवा भरणारी गादी, आणला तरी कूस बदलणं चुकत नाही. उलट बेडमध्ये हवा ठासून भरली तर तो दगडासारखा होतो. आणि वीज गेली की मोटर बंद पडून तो बसतो, मग पेशंट थेट खाटेच्या फळीवर येतो. खाली साधी गादी असू द्याच.

नाकातून घातलेल्या नळीनं जेवण चालू असेल तर नळीवरची नाकाजवळची खूण आधी बघा. नळी बाहेर सरकलेली दिसली तर काही घालू नका, नर्सला फोन करा. पेशंटला टेकवून अर्धवट बसतं करा आणि जेवणानंतरही अर्धा-पाऊण तास तसंच ठेवा. आडव्या माणसाला भरवलं तर ते फुप्फुसात जायची भीती असते. एका वेळी 200 ते 250 मिली, कोमट, गाळलेलं. सिरिंजचा दट्ट्या काढून नळीत आपसूक उतरू द्या, दाबू नका. आधी आणि शेवटी थोडं साधं पाणी घाला. नळी तुंबते ती बहुतेक वेळा न गाळलेल्या नाचणीच्या आंबिलीनं नाहीतर नीट न कुटलेल्या गोळीनं. तार घालून मोकळी करायचा प्रयत्न कुणी करू नये.

तोंडाच्या कॅन्सरची जखम असलेल्या घरात वासाचा प्रश्न मोठा असतो. नातवंडं जवळ येत नाहीत, आणि पेशंटला ते कळतं. अगरबत्तीचा धूर नको, त्यानं ठसका लागतो. डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडॅझोलची (जंतू मारणाऱ्या औषधाची) गोळी बारीक पूड करून जखमेवर भुरभुरली तर वास बराच उतरतो. एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे मीठ घालून उकळून गार केलं की जखम धुवायचं पाणी तयार. गोठा जवळ असेल तर दिवसाही मच्छरदाणी लावा, माशी बसली की अळ्या पडतात. जखमेतून रक्त जायची शक्यता नर्सनं सांगितली असेल तर गडद रंगाचा टॉवेल हाताशी ठेवा. पांढऱ्या कापडावरचं रक्त बघून घरचे हादरतात आणि पेशंट आणखी घाबरतो.

मॉर्फिनबद्दल, म्हणजे तीव्र दुखण्यावरच्या गोळीबद्दल, मला तळमळीनं सांगायचंय. "ती शेवटची गोळी, एकदा चालू केली की संपलं" असं शेजारी म्हणतात आणि घरचे गोळ्या डब्यात दडवून ठेवतात. पेशंट कण्हत राहतो. दुखण्याचं औषध घड्याळाप्रमाणे द्यायचं असतं, साधी गोळी बहुधा दर चार तासांनी. दुखायची वाट बघत बसायचं नाही. मळमळ आणि गुंगी आली तरी बहुधा काही दिवसांत कमी होते. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, म्हणून जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत लागतं. डोस वाढवणं, कमी करणं, अचानक थांबवणं स्वयंसेवकाचं काम नाही. आपलं काम वहीचं: गोळी किती वाजता दिली, दुखणं दहापैकी किती, शौचाला कधी झालं. हाक मारून जाग येत नसेल, श्वास फार संथ झाला असेल तर लगेच नर्सला किंवा डॉक्टरांना फोन करा. मॉर्फिन 1985 च्या अमली पदार्थ कायद्याखाली येतं. त्या कायद्यात 2014 साली दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांसाठी वाट सोपी झाली, तरी गोळी गावातल्या मेडिकलमध्ये मिळत नाही. जत किंवा आटपाडीच्या माणसाला त्यासाठी लांब जावं लागतं. म्हणून दर आठवड्याला गोळ्या मोजा, आठ दिवसांचा साठा उरला की माणूस पाठवा. दिवाळीच्या सुट्टीत गोळ्या संपणं यासारखी छळवणूक नाही.

दारातच मुलगा हळू आवाजात सांगतो, "अण्णांना काय झालंय ते सांगितलेलं नाही." आपण सांगायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही. अण्णांनी विचारलंच, "मी बरा होईन का?", तर "तुम्हाला काय वाटतंय?" असं विचारून ऐकत बसा. बहुतेकांना कळलेलं असतं. घरचे तयार झाले की नर्स किंवा डॉक्टर तो विषय काढतील. तोपर्यंत देवऋषाचा पत्ता, पंचगव्याची बाटली, अमक्याच्या मेव्हण्याचा चमत्कार यातलं काही त्या घरात नेऊ नका.

शेवटच्या दिवसांत जेवण सुटतं. शरीराला ते नको असतं. "दोन घास तरी" म्हणून कोंबलेला घास श्वासनलिकेत जातो. ओठ ओल्या कापसानं पुसत राहा. श्वास मधेच थांबून पुन्हा सुरू होतो, घशात घरघर होते, हातपाय गार पडतात. घरघरीनं बघणाऱ्याचा जीव कासावीस होतो, पेशंटला त्याचा त्रास बहुधा कमी असतो. कुशीवर वळवलं की ती उतरते. आणि गंगाजल. चमच्यानं तोंडात ओतलं तर गिळता न येणारा माणूस गुदमरतो. श्रद्धा मोडायची गरज नाही. दोन थेंब ओठांवर लावा, तुळशीचं पान ओठांशी ठेवा. हे घरातल्या थोरल्या माणसाशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा. त्या क्षणी कुणी ऐकत नाही.

कागदांचंही आधीच बघा. घरी मृत्यू झाला तर दाखला कोणते डॉक्टर देणार हे विचारून ठेवा. नोंद 21 दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करायची. पेशंट असतानाच संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला देता येतो. उत्पन्नाचा दाखला, आधार, पासबुक, आजाराचं प्रमाणपत्र गोळा करायला घरच्यांना सवड नसते. मोटरसायकल असलेल्या पोरांनी हे काम उचलावं, त्यांना खोलीत बसणं जमलं नाही तरी चालेल.

माझं म्हणणं गणेश मंडळांना आणि बचत गटांना आहे. सात दिवसांच्या सप्ताहाला पंगतीच्या पाळ्या लावणाऱ्या गावाला आठवड्याच्या पाळ्या लावणं अवघड नाही. सुरुवातीला पाच-सहा माणसं पुरे, त्यात निम्म्या बायका हव्यात, कारण बाई पेशंटची कूस बदलायला पुरुष चालत नाही. आशाताईंना पहिल्या बैठकीला बोलवा, गावात कोणाच्या घरी काय चाललंय हे त्यांना माहीत असतं. एक निवृत्त नर्स शोधा, फोन उचलणारा एक डॉक्टर शोधा. वर्गणीतून एक एअर बेड, एक कमोड खुर्ची, एक पाठ टेकायचा स्टँड, एक व्हीलचेअर घ्या आणि कोणी, कधी नेलं याची वही ठेवा. मृत्यूनंतर वस्तू परत मागायची घाई करू नका. तेराव्यानंतर घर रिकामं होतं, तेव्हा जा. तासभर बसा, मग बेडचं बोला. परत आलेला बेड साबणानं धुऊन, जंतुनाशकानं पुसून, सावलीत वाळवून, मोटर दोन तास चालवून बघा आणि मगच पुढच्या घरी द्या.