लॉनमधल्या भोकांचा धनी कोण?

घटस्थापनेच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या लॉनमध्ये पेन्सिल जाईल एवढी बारीक भोके दिसू लागली. कीटकनाशके फवारणाऱ्या एका एजन्सीचा माणूस आला, त्याने उभ्याउभ्याच "हुमणी आहे, दाणेदार औषध टाकावे लागेल" असे सांगितले आणि समितीने खर्चाला मंजुरीही देऊन टाकली. माती मात्र कोणीही उकरून पाहिली नाही. माझा आक्षेप आहे तो एवढ्याच गोष्टीला.

हुमणी ही भुंगेऱ्याची अळी. तिचा रंग पांढुरका, डोके तपकिरी, आणि हातात घेतली की ती इंग्रजी सी अक्षरासारखी वळते. ती जमिनीखाली गवताची मुळे खात बसते. वर भोके पाडत हिंडणे हा तिचा उद्योगच नाही. भोक पडते ते वळवाच्या पावसानंतर भुंगेरे जमिनीतून बाहेर पडून संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जमतात तेव्हा, ऑक्टोबरात नव्हे. शिवाय हुमणीने मुळे खाल्लेले गवत पिवळे पडते आणि ओढले तर सतरंजीसारखे उचलून हातात येते. आमचे गवत हिरवेगार होते आणि ओढूनही हलत नव्हते.

म्हणून रविवारी पहाटे मी खुरपे घेऊन बसलो. (पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी "काही हरवलंय का?" असे दोनदा विचारले.) भोक कोणाचे हे भोकापेक्षा त्याच्या तोंडाशी पडलेल्या मातीवरून लवकर कळते. लॉनच्या मधल्या, ओलसर भागात प्रत्येक भोकाजवळ मोहरीएवढ्या मातीच्या गोळ्यांचा छोटासा ढीग होता. ती गांडुळाची विष्ठा. बारीक भुसभुशीत मातीचे गोल कडे असते तर वारूळ मुंग्यांचे समजावे. तगरीजवळच्या कोरड्या कोपऱ्यात मात्र एकच स्वच्छ भोक होते आणि माती एका बाजूला फेकलेली होती. पंधरा मिनिटांनी एक सडपातळ गांधीलमाशी लुळी पडलेली अळी ओढत आणून त्यात शिरली. अशी माशी एकटी राहते, पोळे करत नाही आणि तिला डिवचल्याशिवाय सहसा डंख मारत नाही.

कुंपणालगतच्या भोकांपाशी माती अजिबात नव्हती. ही भोके उथळ होती आणि दाटीने पडलेली होती. सात वाजता त्यांचा धनी स्वतःच आला: हुदहुद. तो चार पावले चालायचा, लांब वाकडी चोच बुडापर्यंत खुपसायचा, काहीतरी उपसून गिळायचा आणि पुढे सरकायचा. त्याच जागी मी फूटभर लांब-रुंद आणि चार इंच खोल माती उकरली, तेव्हा हुमणीच्या दोन अळ्या सापडल्या. म्हणजे तो माणूस पूर्ण चुकला होता असे नाही; पण चौरस फुटात दोन-चार अळ्या निरोगी गवत सहज सोसते. त्या पाच-दहाच्या वर गेल्या तर विचार करावा, आणि तेव्हाही आधी मेटारायझियम या हुमणीला मारणाऱ्या बुरशीचा.

रातकिड्यांचा संशय असेल तर बादलीभर पाण्यात दोन चमचे भांडी घासायचे द्रवरूप साबण मिसळून मीटरभर जागेवर ओतावे; काही मिनिटांत ते वर येतात. हुमणी या युक्तीला दाद देत नाही, तिच्यासाठी खुरपेच लागते.

आपल्याकडे आजही "फोरेट टाका" हा सल्ला सहज दिला जातो. या अत्यंत विषारी औषधावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. त्याचे दाणे टिपून पक्षी मरतात, म्हणजे फुकटात हुमणी वेचणारा आमचा हुदहुदच आधी गेला असता. आणि त्या लॉनवर संध्याकाळी सोसायटीची मुले अनवाणी खेळतात.

येत्या बैठकीत मी एवढीच अट मांडणार आहे: समितीच्या एका तरी सदस्यासमोर फूटभर माती उकरून अळ्या मोजल्याशिवाय लॉनवर कोणतेही औषध पडणार नाही. खुरपे माझ्याकडे आहे.