यादीच्या बाजूने

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, तेव्हा आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर दोन दिवस नुसता आनंद होता. तिसऱ्या दिवशी एका भाच्याने साल्हेरपासून जिंजीपर्यंत बाराही नावे लिहिली, प्रत्येकापुढे रिकामी चौकट काढली आणि वर्षभरात सगळ्या चौकटी भरायच्या असे जाहीर केले. त्यावर माझ्या आतेभावाचा संयम सुटला. तो माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, भोरला राहणारा. आम्ही सारे त्याला दादा म्हणतो. त्याचा मजकूर लांबलचक होता. सारांश असा, की बकेट लिस्ट हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, गड म्हणजे हजेरीपट नव्हे, हरिहरच्या पायऱ्यांवर आणि कळसूबाईच्या शिड्यांवर सुट्टीच्या दिवशी लागणाऱ्या रांगा याच खुळातून लागल्या आहेत, आणि मरणाआधी काय काय पदरात पाडून घ्यायचे याची यादी करणाऱ्याला समाधान म्हणजे काय हे ठाऊकच नसते. शेवटी त्याने एक वाक्य जोडले होते : परदेशात गेलेल्यांना हे परवडते.

मी अकरा वर्षे स्कॉटलंडमध्ये ग्लासगोत राहतो आणि माझ्याकडे अशी यादी आहे. गटावर मी उत्तर दिले नाही, पण ते वाक्य मनातून जात नाही, म्हणून इथे लिहितो.

शब्द बाहेरचा आहे हे मला मान्य आहे; रीत मात्र बाहेरची नाही. बारा ज्योतिर्लिंगे, चार धाम, अष्टविनायक या याद्याच आहेत. मोरगावहून निघून आठही स्थाने करावीत आणि पुन्हा मोरगावला येऊन यात्रा पुरी करावी, हा नियम ज्यांनी घालून दिला त्यांना यादी अपुरी राहण्याची रुखरुख पक्की ठाऊक असली पाहिजे. शक्तिपीठे मोजताना तर आपण साडेतीन मोजली. कोल्हापूर, तुळजापूर आणि माहूर झाल्यावर वणीच्या गडावरचे अर्धे पीठही हिशेबातून सुटू दिले नाही. ती श्रद्धा होती आणि ही हौस आहे, असे दादा म्हणेल. पण माझी आजी यात्रेच्या बसने दोन दिवसांत अष्टविनायक करून आली, त्यानंतर वर्षानुवर्षे तिच्या बोलण्यात देवांइतक्याच लेण्याद्रीच्या पायऱ्या होत्या, महाडच्या अलीकडे बंद पडलेली बस होती आणि आजोबांशिवाय घराबाहेर काढलेली आयुष्यातली पहिली रात्र होती. त्या दोन दिवसांतली श्रद्धा कुठे संपली आणि हौस कुठे सुरू झाली, हे मला तरी वेगळे करून दाखवता येणार नाही, आणि दादालाही येणार नाही, कारण आजी त्याचीही होती.

इथे माणसे यादीची लाज बाळगत नाहीत. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये स्कॉटलंडमधल्या ३००० फुटांहून उंच शिखरांची यादी प्रसिद्ध केली; तिच्यात भर पडत, नावे गळत, आज त्यात २८२ शिखरे आहेत आणि त्यांना मन्रो असेच म्हणतात. सोमवारी कामावर कुणी विचारले, 'किती झाले?', तर तो कशाविषयी विचारतो आहे हे सांगावे लागत नाही. माझे ६३ झाले आहेत. गेल्या वर्षी आमच्या विभागातल्या एका गृहस्थांचे शेवटचे शिखर होते. त्यांची बायको, दोन शेजारी आणि आम्ही तिघे सहकारी पावसात त्यांच्याबरोबर वर गेलो, माथ्यावर व्हिस्की उघडली, आणि पुढे स्कॉटिश माउंटेनियरिंग क्लबच्या नोंदीत त्यांचे नाव क्रमांकासह लागले. सगळी शिखरे प्रथम पूर्ण केल्याचा मान ए. ई. रॉबर्टसन नावाच्या धर्मोपदेशकाकडे जातो. त्यांनी १९०१ मध्ये ती संपवली. त्या धर्मोपदेशकाला समाधान ठाऊक नव्हते, असे म्हणणारा माणूस मला अकरा वर्षांत इथे भेटलेला नाही.

आणि उंचीचेच म्हणाल, तर इथले सर्वोच्च बेन नेव्हिस १३४५ मीटरचे, म्हणजे आपल्या १६४६ मीटरच्या कळसूबाईपेक्षा तीनशे मीटरने ठेंगणे. हे मी इथल्या मित्रांना पहिल्याच चढाईत सांगितले होते.

रांगांविषयी दादाचे म्हणणे मात्र मी सहज उडवून लावत नाही. बेन नेव्हिसच्या मुख्य वाटेवरही उन्हाळ्यात रांग लागते, बेन लोमंड या डोंगराच्या पायवाटेची धूप होते, आणि दर वीकेंडला डोंगरांकडे जाणाऱ्या ए-८२ रस्त्याच्या कडेला गाडी लावायला जागा मिळत नाही. माझा मुद्दा असा, की इथे त्यावर लोक वाट दुरुस्त करतात, येणाऱ्याच्या हेतूची झडती घेत नाहीत. डोंगरात अडकलेल्याला इथेही स्वयंसेवकच खाली आणतात आणि लोणावळ्याला शिवदुर्ग मित्रचे कार्यकर्तेही तेच करतात; हे दोन्हीकडचे लोक जखमी माणसाला आधी त्याची यादी दाखव असे म्हणत नाहीत.

माझी यादी एका वहीत आहे. तिच्यात ४१ ओळी आहेत, त्यांतल्या काही मोठ्या आणि काही अगदी लहान. बॉथीत, म्हणजे डोंगरातल्या साध्या निवाऱ्याच्या झोपडीत, एकट्याने रात्र काढणे, जानेवारीत लॉखच्या, म्हणजे इथल्या सरोवराच्या, पाण्यात उतरणे, उत्तरेचा ध्रुवीय प्रकाश पाहणे, आळंदीहून पंढरपूरपर्यंत वारीत पूर्ण चालणे, पणजोबांची कागदपत्रे वाचता येतील एवढी मोडी शिकणे, राजगडावर संजीवनी माचीच्या टोकापर्यंत जाणे, आत्याच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करणे. अनुभवाने एक गोष्ट शिकलो, की मोठ्या ओळी त्या मानाने लवकर पुऱ्या होतात. त्यांच्यासाठी रजा टाकावी लागते, तिकिटे काढावी लागतात, आणि एकदा पैसे भरले की माणूस जातो. लहान ओळींना तारीख नसते. त्या कधीही होतील असे वाटते, म्हणून वर्ष बदलले की त्या तशाच्या तशा पुढच्या पानावर उतरवाव्या लागतात.

हे लिहिताना वही समोर उघडी आहे, आणि दादाला उत्तर देण्याच्या भरात जे पाहायचे टाळत होतो ते पानावर स्पष्ट दिसते. खुणा झालेल्या जवळजवळ साऱ्या ओळी इकडच्या आहेत. तिकडची एकही पुरी झालेली नाही. राजगडावर मी कॉलेजात असताना गुंजवण्याहून चोर दरवाजाने पद्मावती माचीपर्यंत गेलो आणि धुक्यामुळे तिथूनच परतलो. संजीवनीची ती दुहेरी तटबंदी मी आजवर केवळ छायाचित्रांत पाहिली आहे. दर डिसेंबरला तीन आठवड्यांसाठी येतो. त्यांतला पहिला आठवडा बँकेची कागदपत्रे, सदनिकेची नोंदणी आणि दातांचा डॉक्टर यांत जातो, दुसरा लग्नांत, आणि तिसऱ्यात सामान भरायला काढतो. दादा राजगडावर कितीदा गेला हे त्याने मोजलेले नाही. त्याला मोजण्याची गरज पडली नाही, कारण त्याच्या दिवसांना परतीचे तिकीट नाही. यादी हाव असलेल्या माणसाची असते असे त्याला वाटते. माझ्या माहितीतल्या याद्या बहुतेक अशा माणसांच्या आहेत, ज्यांना हव्या असलेल्या गोष्टींजवळ राहता आलेले नाही.

खुद्द मन्रो यांची यादी अपुरीच राहिली. १९१९ मध्ये ते वारले तेव्हा स्काय बेटावरचा इनअॅक्सेसिबल पिनॅकल हा सुळका राहिला होता, आणि तो अवघड आहे म्हणून राहिला हे समजण्यासारखे आहे. पण केअरनगॉर्म्स या डोंगररांगेतले कार्न क्लोइख-व्हुलिन हे दुसरे एक शिखर मुळीच अवघड नव्हते; ते त्यांनी शेवटचे म्हणून मुद्दाम राखून ठेवले होते. ते तसेच राहिले, आणि १९८१ च्या फेरतपासणीत त्या शिखराचे नावच मुख्य यादीतून गेले. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला वहीतली आत्याची ओळ आठवली.

आत्या म्हणजे दादाची आई. तिला आता ८३ वर्षे झाली. तिच्या ओव्यांची ओळ माझ्या वहीत नऊ वर्षे आहे. फोन समोर ठेवायचा आणि तिला म्हणायला सांगायचे, एवढेच काम, म्हणून मी ते राखून ठेवले. गेल्या डिसेंबरला भोरला चार दिवस होतो. एका दुपारी विचारले, तर तिने एक ओवी सुरू केली, दुसऱ्या चरणाशी थांबली आणि 'आता नाही रे येत' म्हणून उठून गेली. मला त्या वेळी दादाचा राग आला होता. त्याच घरात जन्म काढून त्याने त्या ओव्या कधी टिपून ठेवल्या नाहीत. समाधानी माणसे जवळच्या गोष्टी अशाच हातच्या घालवतात, असे मी परतीच्या विमानात ठरवून टाकले होते, आणि या लेखात तेच लिहिणार होतो.

परवा दादाने, गटावर नव्हे, मला एकट्याला एक ध्वनिमुद्रण पाठवले. मी आत्याला ओव्यांविषयी विचारल्याचे तिनेच त्याला सांगितले होते. मागे भांड्यांचा आवाज आहे, कुणाची तरी दुचाकी सुरू होते. आत्या दोन ओव्या नीट म्हणते, तिसरीत अडखळते, आणि मागून दादा तिला पुढचा शब्द हलकेच सांगतो. चौथीतही सांगतो, पाचवीतही. मी ते तीनदा ऐकले. त्यांतला एकही शब्द मला आधी माहीत नव्हता.