जुनी स्पोर्ट्स कार विकणाऱ्याने आधी कागद काढावेत

जुनी स्पोर्ट्स कार डीलरच्या हाती न देता स्वतः विकायला काढणाऱ्या प्रत्येकाला माझे एकच आग्रहाचे सांगणे असते. जाहिरातीसाठी गाडी धुऊन-पुसून फोटो काढण्याआधी तिची सगळी कागदपत्रे टेबलावर मांडावीत, आणि गाडीत जे जे दुखणे आहे ते स्वतःच्या हाताने लिहून काढावे. हे ऐकून बरेच जण नाराज होतात, कारण दोष आपणच सांगितले तर गिऱ्हाईक भाव पाडेल अशी भीती त्यांना वाटते. माझे मत याच्या नेमके उलट आहे, आणि माझी वीस वर्षांहून जुनी पोर्शे बॉक्स्टर विकताना आलेल्या अनुभवाने ते अधिकच पक्के झाले आहे.

रोजच्या वापरातल्या साध्या गाडीची किंमत ठरवणे तुलनेने सोपे असते. त्याच सालच्या, त्याच मॉडेलच्या असंख्य गाड्या बाजारात असतात. साल आणि किलोमीटर सांगितले की भावाचा अंदाज येतो आणि तो फारसा चुकत नाही. जुन्या स्पोर्ट्स कारला हा हिशेब लागू पडत नाही. एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्यांपैकी एकीला दुसरीच्या दुप्पट भाव मिळू शकतो, कारण मधल्या काळात त्यांचे आयुष्य अगदी वेगळे गेलेले असते. एक छपराखाली राहून वेळच्या वेळी सर्व्हिस झालेली असते. दुसरी अनेक मालकांच्या हातून फिरलेली, कुणी सस्पेन्शन खाली उतरवलेली, कुणी सायलेन्सर बदललेली आणि शेवटी खर्च झेपेना म्हणून नुसती उभी राहिलेली असते. ओडोमीटरवरचा आकडाही इथे फसवा ठरतो. ‘फारच कमी चालली आहे’ असे मालक अभिमानाने लिहितो, पण वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे रबरी सील कडक होतात, ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषत राहते, टाकीतले पेट्रोल खराब होते, आणि टायरची नक्षी कोरी दिसत असली तरी आतले रबर जुने झालेले असते. जाणकार गिऱ्हाईक आधी खाली वाकून टायरच्या बाजूवर कोरलेल्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे वाचतो. २००० सालापासून त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. तिथे २३१४ असे असेल, तर तो टायर २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. मग ‘टायर जवळजवळ नवे’ हे जाहिरातीतले वाक्य तिथेच खोटे पडते आणि उरलेल्या जाहिरातीवरचा विश्वासही त्याच्याबरोबर जातो.

दुसरी अडचण गिऱ्हाइकांची आहे. जाहिरात टाकल्यावर निरोप पुष्कळ येतात, पण त्यांतल्या बहुतेकांत ‘गाडी आहे का?’ किंवा ‘फायनल किती?’ याच्यापुढे काही नसते. काहींना केवळ एकदा चालवून पाहायची असते, काहींना गाडीशेजारी उभे राहून फोटो काढायचा असतो, आणि काही जण स्वतःच गाड्यांचा धंदा करणारे असून मालकाला घाई किती आहे याचा अंदाज घेत असतात. दोन आसनांची, सामान मावत नाही अशी, सुटे भाग महाग असलेली गाडी मनापासून हवी असणारी आणि ती सांभाळण्याची ऐपत असणारी माणसे कुठल्याही बाजारात थोडीच असतात. त्यात गाडी उघड्या छताची असेल तर थंडीपावसात तिला कुणी विचारत नाही आणि हवा मोकळी झाली की चौकशी वाढते. म्हणून ज्याला अमुक तारखेच्या आत पैसे हातात हवे आहेत, त्याने खाजगी विक्रीच्या भानगडीत पडू नये, असे मला स्पष्टपणे वाटते. त्याने डीलरला कमी भावात गाडी द्यावी किंवा कमिशनवर विकायला ठेवावी; त्यात कमीपणा काही नाही. खाजगी विक्रीत जास्त पैसे मिळतात ते वाट पाहण्याचे आणि उत्तरे देत बसण्याच्या कष्टाचे मिळतात.

पण खरा घेणारा भेटतो, तेव्हा तो अनेकदा मालकापेक्षा जास्त अभ्यास करून आलेला असतो. प्रत्येक जुन्या स्पोर्ट्स कारचे एखादे तरी प्रसिद्ध दुखणे असते आणि ते त्याला तोंडपाठ असते. पोर्शे ९४४ पाहायला आलेला माणूस व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताळमेळ राखणारा टायमिंग बेल्ट केव्हा बदलला हे आधी विचारतो, कारण तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. माझदा आरएक्स-७ घेणारा तिच्या रोटरी (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरच्या) इंजिनाच्या कॉम्प्रेशनची, म्हणजे आतल्या दाबाची, चाचणी मागतो, आणि त्यासाठी साधा गेज चालत नाही, खास उपकरण लागते. बीएमडब्ल्यूची ई४६ एम३ घेणारा गाडी लिफ्टवर चढवून मागच्या सबफ्रेमच्या (मागचे सस्पेन्शन धरून ठेवणाऱ्या सांगाड्याच्या) जोडांभोवती पत्र्याला तडे गेले आहेत का ते टॉर्च लावून बघतो.

बॉक्स्टरच्या पहिल्या पिढीचे, म्हणजे १९९६ ते २००४ या काळातल्या गाडीचे असेच एक दुखणे आहे. तिच्या इंजिनात पिस्टनने फिरणाऱ्या क्रँकशाफ्टकडून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टकडे गती पोचवणारा एक मधला शाफ्ट आहे आणि त्याच्या एका टोकाचे बेअरिंग काही गाड्यांत निकामी होते. ते सगळ्याच गाड्यांत होते असे मुळीच नाही, पण जिथे होते तिथे टायमिंग चुकून पूर्ण इंजिन हातचे जाऊ शकते. त्यातून हे बेअरिंग बाहेरून दिसत नाही. तिथवर पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून शहाणे मालक क्लच बदलतानाच बेअरिंगही बदलून घेतात. आता विचार करा, ज्या भागावर गाडीची निम्मी किंमत अवलंबून आहे तो भाग विकणारा दाखवू शकत नाही आणि घेणारा पाहू शकत नाही. अशा वेळी वर्कशॉपचे बिल हाच एकमेव डोळा असतो. त्यावर चॅसिस नंबर, तारीख, तेव्हाचे किलोमीटर आणि बसवलेल्या भागाचे वर्णन असेल, तर एवढ्या एका कागदाने तासाभराची घासाघीस वाचते.

माझ्याकडे असे बिल होते, तरीही गाडी दाखवण्याआधी मी इंजिन ऑइल बदलून घेतले आणि जुना ऑइल फिल्टर मेकॅनिकला उलगडायला सांगितला. फिल्टरच्या कागदाच्या घड्या पांढऱ्या फडक्यावर पसरून, ऑइल निथळू देऊन, उजेडात तिरप्या नजरेने पाहिले की बेअरिंग झिजून आलेला धातूचा चुरा असल्यास चमकतो. आमच्या फडक्यावर काळ्या ऑइलखेरीज काही नव्हते. त्याचे जवळून फोटो काढून मी जाहिरातीत घातले. त्याच जाहिरातीत, छताच्या मागच्या प्लास्टिकच्या खिडकीला घडीच्या रेषेवर पडलेल्या पांढुरक्या भेगेचा आणि पुढच्या बंपरवरच्या खडे लागून उडालेल्या रंगाचाही फोटो होता. शेवटी ज्या गृहस्थांनी गाडी घेतली त्यांनी मला सांगितले की, खिडकीच्या भेगेचा फोटो पाहूनच त्यांनी फोन करायचे ठरवले. जो माणूस एवढी बारीक खोट दाखवतो तो मोठी लपवणार नाही, असा त्यांचा तर्क होता, आणि मला तो अगदी रास्त वाटतो.

या तर्कामागचे कारण अर्थशास्त्राने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखवले की, विकणाऱ्याला गाडीची खरी अवस्था माहीत असते आणि घेणाऱ्याला नसते, तेव्हा घेणारा प्रत्येक गाडीत काहीतरी खोट असणार असे धरूनच भाव देतो. परिणामी चांगल्या गाडीच्या मालकाला तो भाव परवडत नाही, तो बाजारातून बाहेर पडतो आणि मागे वाईट गाड्या उरतात. या विचाराच्या परिसरातील संशोधनासाठी २००१ साली त्यांना नोबेल पुरस्कारही विभागून मिळाला. दुसऱ्या कुणीतरी केलेल्या लपवालपवीची किंमत प्रामाणिक मालकाला मोजावी लागते, हे मला मनापासून अन्यायाचे वाटते. पण नुसत्या रागाने तो अन्याय दूर होत नाही. घेणाऱ्याला जे माहीत नाही ते त्याला आपणहून सांगणे, आणि त्याचा पुरावा हातात देणे, एवढेच आपल्या हातात असते.

किमतीच्या बाबतीत मालकांची समजूत काढणे सर्वांत अवघड जाते. गाडीवर केलेला खर्च म्हणजे तिची किंमत, असे त्यांनी मनाशी धरलेले असते. नवा क्लच, नवे शॉक अब्सॉर्बर, नवा रेडिएटर यांची बिले बेरीज करून मागायच्या भावात घालण्यात अर्थ नसतो. त्या कामांमुळे गाडी चटकन विकली जाते आणि भाव टिकतो, पण पैसे जसेच्या तसे परत येत नाहीत. हौसेने केलेल्या बदलांचे तर अनेकदा उलटेच होते. मोठी चाके, कर्कश एक्झॉस्ट, बदललेले स्टिअरिंग हे एका मालकाला प्रिय असते आणि पुढच्या दहांना नकोसे असते. मूळ भाग जपून ठेवले असतील तर ते गाडीबरोबर द्यावेत, त्याने फरक पडतो. भाव ठरवताना इतरांनी जाहिरातीत काय मागितले आहे त्यापेक्षा प्रत्यक्ष सौदा कितीला झाला हे पाहावे. जे ऑनलाइन लिलाव अंतिम बोली उघड ठेवतात, ते यासाठी फार उपयोगी पडतात, मात्र तिथली गाडी आणि आपली गाडी यांची अवस्था प्रामाणिकपणे ताडून पाहिली पाहिजे.

गाडी पाहायला कुणी येणार असेल तर इंजिन आधी सुरू करून गरम करून ठेवू नये. थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज आणि धूर पाहण्याचा घेणाऱ्याला हक्क आहे, आणि बॉनेटवर हात ठेवून इंजिन आधीच गरम केले आहे का हे तो तपासतोच. तसेच डॅशबोर्डवरचा दिवा विझवण्यासाठी संगणकातले फॉल्ट कोड पुसून टाकणे हा शुद्ध मूर्खपणा आहे, कारण ते पुसताच गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अपूर्ण असल्याचे साध्या स्कॅनरवर लगेच दिसते. रंगाच्या थराची जाडी मोजणारे यंत्र पुन्हा रंगवलेला पत्रा दाखवून देते. खोटेपणा पकडण्याची साधने आता इतकी स्वस्त झाली आहेत की लपवण्यात काही शहाणपण उरलेले नाही. तपासणी घेणाऱ्याने, त्याच्या पसंतीच्या मेकॅनिककडे आणि त्याच्या खर्चाने करावी, आणि मालकाने तिला मोकळ्या मनाने होकार द्यावा. जो मालक तपासणीला नाही म्हणतो त्याची गाडी मीही घेणार नाही.

टेस्ट ड्राइव्हबद्दल मात्र मी कडक आहे. परवाना पाहिल्याशिवाय, आणि दुसरा कुणी चालवत असताना आपला विमा लागू होतो का याची खात्री केल्याशिवाय किल्ली देऊ नये. आधी मालकाने स्वतः चालवावी, ऑइल गरम होईपर्यंत इंजिन ताणू नये, आणि मग चालक बदलावा, पण मालकाने शेजारच्या आसनावरून हलू नये. ताकदवान, मागच्या चाकांवर चालणाऱ्या, ट्रॅक्शन कंट्रोल (चाके जागच्या जागी घसरू न देणारी यंत्रणा) नसलेल्या जुन्या गाडीत ओल्या रस्त्यावर अनोळखी हात काय करून बसेल याचा भरवसा नसतो.

पैशांच्या व्यवहारात सभ्यपणा आणि सावधपणा दोन्ही लागतात. गाडी न पाहताच पूर्ण भाव कबूल करणारा, ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून वरची रक्कम ‘वाहतूकदाराला’ पाठवायला सांगणारा माणूस घेणारा नसतो, भामटा असतो. चेक वटल्यासारखा दिसतो आणि काही दिवसांनी परत जातो, तोवर आपण पाठवलेले पैसे गेलेले असतात. रक्कम खात्यात पक्की जमा झाल्याचे बँकेकडून समजल्यावरच किल्ली आणि मालकीची कागदपत्रे द्यावीत, आणि शक्य असेल तर दोघांनी बँकेतच भेटावे. गाडीवर कर्ज असेल तर ते जाहिरातीतच सांगावे आणि ते फिटल्याचा दाखला तयार ठेवावा. सौद्याची तारीख, वेळ, ओडोमीटरचा आकडा आणि सांगितलेले दोष लिहिलेल्या कागदावर दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि मालकी बदलल्याची सूचना संबंधित कार्यालयाला व विमा कंपनीला त्याच दिवशी स्वतः द्यावी. हे काम नव्या मालकाच्या भरवशावर सोडल्यास त्याने मोडलेल्या नियमांच्या दंडाच्या पावत्या जुन्या मालकाच्या नावाने येत राहू शकतात.