पॅरासिटामॉल गर्भाशयात साठत नाही

गोव्यात डिचोली-साखळीकडच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय : पाळीत पॅरासिटामॉल घेतली की ती मुलींच्या गर्भाशयात साठून राहते. साफ खोटं. काल दुकानात एक मुलगी पोट धरून उभी होती, पर्समधली गोळ्यांची पट्टी न फोडता. फार वाईट वाटलं.

गोळीचा बहुतेक भाग यकृतात ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट या शरीरातल्याच पदार्थांशी जोडला जाऊन लघवीवाटे निघून जातो. रक्तातलं प्रमाण साधारण २-३ तासांत निम्मं होतं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत त्याहून थोडं लवकरच.

जपायचं ते यकृताला. थोडा भाग विषारी बनतो, त्याला यकृतातलं ग्लुटाथिओन हे संरक्षक द्रव्य आवरतं. अती गोळ्यांनी तेच संपतं. निरोगी प्रौढ व्यक्तीने ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या २४ तासांत ओलांडू नयेत. सर्दीच्या गोळीतलं पॅरासिटामॉलही त्यातच मोजा.